सगळ्यांत खालची घडी

“तुम्हाला माहीत होतं का?”

दारातूनच त्याने विचारलं. पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

ओसरीवर बसलेल्या उपाध्ये सरांनी मान वर केली. ओळख पटायला त्यांना जरा वेळ लागला.

“इंद्रजित? … बस की.”

“बसायला नाही आलो. एवढंच सांगा. एकेचाळीसच्या वर काही नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?”

 खालच्या रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर चढ चढत होता. त्याचा आवाज लांब जाईपर्यंत सर थांबले.

“चपला काढ,” ते म्हणाले. “मग सांगतो.”

भूपाल उपाध्ये यांनी विद्यापीठात आयुष्यभर एकच विषय शिकवला. शरीरातलं प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. ती मोकळी राहत नाही, स्वतःवरच दुमडते, आणि जशी घडी पडेल तसं तिचं काम ठरतं. ही घडी गणिताने आधी सांगता येईल का, हा तो विषय.

खऱ्या साखळीचा हिशेब तेव्हा कुणालाच झेपत नव्हता. म्हणून जाणकारांनी एक सोपा खेळ मांडला. चौकटींचा कागद घ्यायचा. साखळी म्हणजे मण्यांची माळ समजायची. मणी दोनच प्रकारचे. काळे पाण्याला भिणारे, पांढरे पाण्यात रमणारे. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेक मणी ठेवत माळ मांडायची, पण एका जागी दोन मणी येता कामा नयेत. माळेत एकमेकांना लागून नसलेले दोन काळे मणी कागदावर शेजारी आले की एक जोडी झाली.

जितक्या जोड्या जास्त, तितकी घडी घट्ट, म्हणजे खाली बसली, असं सर म्हणायचे. सगळ्यांत खालची घडी कोणती, एवढाच प्रश्न.

खेळ पोराटोरांचा वाटतो. पण माळ जरा लांब केली की घड्यांना अंत राहत नाही. एकेक मांडून बघायची म्हटली तर यंत्रं झिजतील, माणसं मरतील, घड्या उरतील.

तरुणपणी सरांनी स्वतः एक माळ रचली होती. भोकं पाडलेल्या फळीवर खुंट्या ठोकत एका दुपारी त्यांनी तिची घडी लावली. जोड्या आल्या एकेचाळीस. त्यानंतर दर वर्षी नव्या वर्गापुढे ते ती माळ फळ्यावर काढायचे आणि म्हणायचे, “हिच्यात बेचाळीस जोड्या आणून दाखवा. माझी खुर्ची तुमची.”

पोरं आठवडाभर झटायची आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागायची.

इंद्रजित सरनोबत लागला नाही.

गडहिंग्लजकडचा मुलगा. वडील एसटीत वाहक. वर्गात सर प्रश्न पुरा करायच्या आत याचं उत्तर तयार असायचं, आणि ते बरोबर असायचं. हरण्याची त्याला सवयच नव्हती. पीएचडीला त्याने तीच माळ घेतली. सरही सुरुवातीला खूश होते. पण एक दिवस त्यांनी त्याला खोलीत बोलावलं.

“हे सोड,” ते म्हणाले. “दुसरा प्रश्न घे.”

“का?”

“सोड म्हणतोय ना.”

“तुम्हाला तुमचा विक्रम जपायचाय.”

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर उभ्या असलेल्या मुलांनी ते ऐकलं. सरांनी मान खाली घातली, समोरचा पेपर तपासायला घेतला. इंद्रजित त्याच महिन्यात पुण्याला दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेला. पुन्हा फोन नाही, पत्र नाही.

वर्षं गेली. ठरलेलं लग्न त्याने दोनदा पुढे ढकललं, शेवटी मुलीकडच्यांनीच मोडलं. वडील वारले तेव्हा स्मशानातून परत आल्यावर अंगावरचे ओले कपडेही न बदलता त्याने लॅबला फोन लावला. मशीन चालू आहे ना, एवढंच विचारलं. आईने ते ऐकलं. त्यानंतर तिने त्याला घरी कधी येणार म्हणून विचारलं नाही.

सगळ्या घड्या तपासणं शक्य नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. म्हणून त्याने वेगळी वाट काढली. माळ मण्यामण्याने वाढवत न्यायची; दर वळणाला नवी फांदी फुटते. पुढे कशीही वळवली तरी बेचाळीसपर्यंत पोचूच शकत नाही असं सिद्ध झालं, की ती फांदी तिथेच तोडायची. एकेक फांदी म्हणजे कोट्यवधी घड्या. तोडत तोडत तो शेवटच्या फांदीपर्यंत आला.

मागच्या आठवड्यात तीही तुटली.

बेचाळीस कुठेच नव्हत्या. सरांनी एका दुपारी फळीवर लावलेली घडी हीच सगळ्यांत खालची होती.

चपला काढून इंद्रजित ओसरीच्या कडेला टेकला. नोकरी संपल्यावर सर वारणेकाठच्या एका टेकडीच्या पायथ्याशी, जैन आश्रमाच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायला आले होते. सोबत त्यांची विधवा थोरली बहीण, रत्नाक्का. समोर लिंबाचं झाड, पलीकडे मंदिराची भिंत. ऊन उतरत होतं.

सर किती वाळले होते! उजवा हात मांडीखाली दाबून ते ताठ बसले होते. चेहरा दगडासारखा. वर्गात बोलताना भुवया, ओठ, डोळे सगळं नाचायचं त्यांचं. आज त्यातलं काहीच नव्हतं.

अजून रागावलेत, इंद्रजितला वाटलं.

“विचारलंस ते,” सर म्हणाले. आवाजही बारीक झाला होता. “मला माहीत नव्हतं.”

“खोटं बोलता.”

“मला वाटायचं. … माहीत तुला आहे.”

इंद्रजितने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

“ही सिद्धता. बघा.”

सरांनी हात पुढे केला नाही.

गठ्ठा तसाच हवेत राहिला. इंद्रजितचा दंड भरून आला, तरी त्याने तो खाली घेतला नाही.

“हातसुद्धा लावणार नाही?”

“ठेव तिथं.”

“अख्खं तारुण्य आहे सर यात. निदान हातात तरी घ्या.”

“ठेव म्हणालो ना.”

इंद्रजितने गठ्ठा जमिनीवर आपटला. वरचे दोन कागद सुटून अंगणात गेले. ते उचलायला कुणीच उठलं नाही.

आवाज ऐकून रत्नाक्का बाहेर आल्या. हातात चहाचे दोन पेले होते. एक त्यांनी पाहुण्याच्या पुढ्यात ठेवला. दुसरा घेऊन त्या भावाशेजारी बसल्या, पदराच्या टोकाने पेला धरला आणि त्याच्या ओठांना लावला.

“हळू घे. पोळंल.”

सरांनी घोट घेतला. हनुवटीवर ओघळ आला, तो अक्कांनी पुसला.

दुसऱ्या घोटाला सरांचा तोल जरा गेला. मांडीखालचा हात सुटला. सुटला तसा तो थरथरायला लागला, पंख अडकलेल्या पाखरासारखा. सरांनी तो डाव्या हाताने धरला. मग दोन्ही थरथरायला लागले.

“दाबून धरू नको म्हनून किती सांगायचं,” अक्का म्हणाल्या. “माणसं आली की हात लपवतोय. चोरी केल्यागत.”

इंद्रजित बघत राहिला.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“लई वर्सं झाली की,” उत्तर अक्कांनी दिलं. “शिकवत होता तवापासनंच. फळ्यावर लिवता येईना म्हनून तर नोकरी आधीच सोडली. तुमास्नी म्हाईत न्हाई?”

त्याला माहीत नव्हतं. कुणाला विचारलंच नव्हतं त्याने.

अक्का पेले घेऊन आत गेल्या. इंद्रजित उठला. अंगणातले कागद गोळा केले, धूळ झटकली, गठ्ठ्यात नीट लावले. मग पुन्हा बसला, आता सरांच्या जरा जवळ.

“कंपवात?”

“हं.”

“म्हणजे … तेच.”

“तेच,” सर म्हणाले. “मेंदूतलं एक प्रथिन. घडी पडली, पडली, आणि गठ्ठा होऊन बसलं. बघ गंमत. आयुष्यभर ज्याच्या मागे लागलो, ते शेवटी माझ्याच डोक्यात येऊन बसलं.”

हसायचं होतं त्यांना, पण चेहरा हलला नाही. फक्त डोळ्यांत थोडं काही दिसलं.

 लिंबाची पानं ओसरीवर पडत होती.

“मला ‘हे सोड’ म्हणालात ते यामुळे? तुमच्याकडे वेळ नव्हता म्हणून?”

“नाही.”

“मग?”

“दमलो होतो.” सर थांबले. “तू रोज सकाळी यायचास. डोळे लाल. बेचाळीस मिळालं का, म्हणून मी विचारायचो. आणि मनात म्हणायचो, नको मिळू दे. दुसऱ्या दिवशी म्हणायचो, मिळू दे एकदाचं, सुटू दे सगळ्यांना. हे असं किती दिवस करणार? … विक्रम जपायचाय म्हणालास. अर्धं खरं होतं ते.”

इंद्रजितने खाली बघितलं. इतकी वर्षं ते वाक्य त्याने मनात घोळवलं होतं. ते अर्धं खरं निघालं, तर आनंद व्हायला हवा होता.

“तुमची घडी एका दुपारी लागली,” तो म्हणाला. “माझी सगळी वर्षं गेली, आणि हातात काय? तुमचीच घडी. मी काहीसुद्धा नवीन आणलं नाही.”

“ती दुपार मला आठवते. जोड्या मोजल्या, एकेचाळीस आल्या. उठून नाचलो. संध्याकाळी जेवायला बसलो, आणि पहिल्याच घासाला वाटलं, बेचाळीस असलं तर?” सरांनी श्वास घेतला. “तेव्हापासून ती घडी माझी राहिली नाही. कुठेतरी तिच्याहून खालची असेल, उद्या कोणीतरी घेऊन येईल. पोरांना खुर्ची देतो म्हणायचो ना, ती भीती होती. आज तू आलास आणि दारातून ओरडलास, वर काही नाही म्हणून …”

त्यांचे डोळे भरले होते. पुसायला हात उचलावा लागला असता, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले.

“बरं वाटलं रे,” ते म्हणाले.

 ज्या माणसाला हरवायला इंद्रजित निघाला होता, त्याला तो जिंकवून बसला होता, आणि तो माणूस जिंकून दमलेला होता.

पण हात बांधून बसणं इंद्रजितच्या स्वभावात नव्हतं. थोड्याच वेळाने तो ताठ झाला.

“सर, मी यावर काम करतो.”

“कशावर?”

“तुमच्या या प्रथिनावर. आता कागदावरची माळ नको, खरी साखळी घेतो. यंत्रं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. हे कुठे चुकलं, कोणत्या वळणावर चुकलं, ते शोधून काढतो. चुकलेली घडी दुरुस्त करता आली तर …”

“चुकलेली कोण म्हणालं?”

“म्हणजे?”

“ते चुकलेलं नाही,” सर हळूच म्हणाले. “फार बरोबर आहे. निरोगी माणसाच्या अंगातलं प्रथिन बघ. ते तळाला कधी बसत नाही. थोडं वर राहतं, थोडं सैल. उलगडतं, पुन्हा मिटतं, कुणी हाक मारली की वळतं. आणि हे … याला त्याहून खालची जागा सापडली. गठ्ठा झाला, सगळ्या जोड्या जुळल्या. आता ते हलत नाही. विरघळत नाही. कुणाचं ऐकत नाही.”

“पण मग आपण शोधत होतो ते …”

“हं.”

“सगळ्यांत खालची घडी म्हणजे …”

सरांनी आपल्या हातांकडे बघितलं.

इंद्रजितने गठ्ठ्याकडे बघितलं. कागदाच्या कडा धुळीने मळल्या होत्या. त्याला एकाएकी इतका थकवा आला की भिंतीला डोकं टेकावंसं वाटलं. त्याने टेकलं. डोळे मिटले. आईचा चेहरा समोर आला. स्मशानातून आलेल्या दिवसाचा, फोनवरचं बोलणं ऐकतानाचा.

“आई कशी आहे?” सरांनी विचारलं.

तो दचकला.

“बरी असेल.”

“असेल?”

“… बोललो नाही बऱ्याच दिवसांत.”

   मंदिरात कोणीतरी घंटा वाजवली, आणि टेकडीवरचं ऊन कळसाच्या टोकापर्यंत चढलं.

“चला रे,” आतून रत्नाक्कांनी हाक मारली. “दिवस बुडायच्या आत जेवून घ्या. पाव्हन्यालाबी आन. आमटी निवतीया.”

या घरात सूर्य मावळल्यावर चूल पेटत नसे, आणि पानही वाढलं जात नसे.

“ऊठ,” सर म्हणाले. “जेवून जा.”

इंद्रजितने त्यांना हाताला धरून उठवलं. अंग हलकं झालं होतं, लाकडासारखं ताठरही. उभे राहिल्यावर सर चार पावलं नीट चालले, आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबले.

थांबले ते थांबलेच.

वरचं अंग पुढे झुकलं, पण पाय जागचे हलेनात. टाचा नुसत्या लटलटत होत्या.

“काय झालं, सर?”

“असं होतं. डोकं सांगतं, चल. पाय ऐकत नाहीत.”

“मी धरतो.” इंद्रजितने त्यांच्या काखेत हात घातला आणि ओढलं. सरांचं अंग आलं, पाय आले नाहीत. ते पडता पडता वाचले.

“ओढू नकोस.”

“मग उचलून घेतो.”

“उचलूही नकोस. सोड मला.”

त्याने सोडलं. आत पानं वाढल्याचा आवाज येत होता. दारात उभ्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता. इंद्रजितला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. त्याला येत असलेलं काहीच इथे उपयोगाचं नव्हतं.

“मी काय करू?” त्याने विचारलं. असं विचारायची त्याची ही पहिलीच वेळ असावी.

“पुढं ये,” सर म्हणाले. “माझ्यासमोर. आता तुझा पाय ठेव, माझ्या पायापुढं. आडवा.”

“आडवा?”

“आडवा. मला अडव.”

इंद्रजितला कळेना. पण त्याने सांगितलं तसं केलं. उंबऱ्याच्या अलीकडे, सरांच्या थरथरत्या पावलांसमोर त्याने आपलं पाऊल आडवं टाकलं.

सरांनी त्या पावलाकडे बघितलं. मग उजवा पाय उचलला, सहज, जणू कधी अडकलाच नव्हता. त्याच्या पायावरून पलीकडे टाकला. मागोमाग डावा. उंबराही ओलांडला, आणि ते आत गेले.

इंद्रजित दारातच उभा होता. आडवा टाकलेला पाय त्याने अजून काढला नव्हता.

“पण सर,” तो म्हणाला, “आडवा पाय घातला की माणूस पडतो.”

सरांनी पाठ न वळवताच उत्तर दिलं.

“चालणारा पडतो.”